एर्जे म्युझियम, बेल्जियम: पाचपैकी चार, आणि कापलेल्या एका स्टारची गोष्ट

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे. ज्यांना नुसतं पार्किंग कुठे आणि वेळ किती लागतो एवढंच हवंय त्यांनी सरळ खाली शेवटी जावं, मी मनाला लावून घेणार नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

टिनटिन, म्हणजे बेल्जियमच्या एर्जेंनी काढलेल्या चित्रकथांमधला बातमीदार पोरगा, मी नाशिकला वाचला, कॉलनीतल्या एका छोट्या लायब्ररीत, जिथे पुस्तकं दाभणाने शिवलेली असायची आणि शेवटची पानं हमखास कुणीतरी गायब केलेली असायची. तिबेटवालं पुस्तक माझ्या हाती आलं तेव्हा त्याची शेवटची आठ-दहा पानं नव्हतीच, पुस्तक सगळं मिळून ६२ पानांचं, त्यामुळे टिनटिनचा हरवलेला मित्र चँग जिवंत सापडतो की नाही हे मला थेट कॉलेजला गेल्यावर कळलं, मधली सगळी वर्षं मी तो गेला असंच धरून चालले होते. दिल्लीत टिनटिनचा दोस्त कॅप्टन हॅडॉक रस्त्यातल्या गाईशी पंगा घेतो ते पान मात्र होतं, ते पाठ आहे. तर असा माझा टिनटिन, फाटका, तेलाचे डाग पडलेला, आठवड्याला दोन रुपये भाड्याचा. आणि आता बघायला गेले त्याचं घर, जे आहे काचेचं आणि पांढऱ्या काँक्रीटचं. ह्या दोघांचं जमतंय का, एवढाच खरं तर माझा प्रश्न होता.

ताई युट्रेक्टला राहते म्हणून हे जमलं. ताई, भावोजी, त्यांचा नऊ वर्षांचा चिरंजीव आणि मी, शनिवारी सकाळी गाडीने निघालो. चिरंजीवाला टिनटिन माहीत नव्हता. म्हणजे तिकडे त्याला टिनटिन म्हणतच नाहीत, डचमध्ये तो कौफ्ये, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला, आणि त्याचा कुत्रा स्नोई म्हणजे बॉबी. फ्रेंचमध्ये स्नोईचा मिलू. आणि हा मिलू म्हणे एर्जेंच्या पहिल्या गर्लफ्रेंडच्या लाडक्या नावावरून, ती मारी-लुईझ, तिचं झालं मिलू. पोरीचं नाव कुत्र्याला ठेवलं ह्यावर गाडीत वीस मिनिटं चर्चा झाली, ताईच्या मते हे प्रेम, माझ्या मते सूड, भावोजी गाडी चालवत होते. बाय द वे हिंदीत स्नोईचं नटखट आणि त्यातल्या शास्त्रज्ञाचं, कॅल्क्युलसचं, प्रोफेसर आर्यभट्ट केलंय, आणि बंगालीत स्नोई म्हणजे कुट्टुश, बंगाली लोक तर १९७५ पासून आनंदमेळा ह्या मुलांच्या मासिकात टिनटिन वाचतायत. आम्ही आपले इंग्रजी.

म्युझियम ब्रसेल्समध्ये नाहीये, हे नीट लक्षात घ्या, गोंधळ होतो. ते आहे लुवां-ला-नव्हला, ब्रसेल्सपासून साधारण तीस किलोमीटर. हे गाव म्हणजे एक वेगळंच प्रकरण. जुन्या लुवेन शहरातल्या विद्यापीठात फ्रेंच आणि डच बोलणाऱ्यांची एवढी जुंपली की १९६८ मध्ये सरकार पडलं, विद्यापीठाचे दोन तुकडे झाले आणि फ्रेंचवाल्यांनी शेतात जाऊन नवीन गाव वसवलं. लायब्ररीचीसुद्धा वाटणी झाली, विषम नंबरची पुस्तकं एकाला आणि सम नंबरची दुसऱ्याला, खरंच. बेळगावचा माणूस असता तर त्याला हे गाव लगेच कळलं असतं. अख्खं गाव एका मोठ्या स्लॅबवर बांधलंय, गाड्या खाली, माणसं वर, त्यामुळे पार्किंगमधून जिना चढून वर आलो की एकदम गाडी-बिडी काहीच नाही, नुसते विद्यार्थी आणि वाफल्स.

गावाच्या कडेला झाडी आहे आणि त्या झाडीतून एक लांब पूल जातो, तो थेट म्युझियमच्या दारात. बिल्डिंग बनवली ती क्रिस्तियाँ द पोर्झांपार्क ह्या फ्रेंच आर्किटेक्टने, जून २००९ मध्ये उघडली. लांबून बघितलं तर एखादं मोठं जहाज झाडांत अडकल्यासारखं वाटतं, एका भिंतीवर भला मोठा टिनटिन आणि एकीकडे एर्जेंची सही. आणि पत्ता? २६, रू द्यु लाब्रादोर. ज्यांनी वाचलंय त्यांना कळलं असेल, टिनटिन पुस्तकात ज्या घरात भाड्याने राहायचा त्याचाच पत्ता. म्हणजे म्युझियमसाठी रस्त्याला ते नाव दिलं. मी त्या पाटीखाली उभी राहून फोटो काढून घेतला, भावोजी म्हणाले चला आता, पाऊस येतोय.

आत लिफ्टने वर जायचं आणि बघत बघत खाली उतरत यायचं. मधोमध लिफ्टचा उंच खांब आहे, चौकडीचा, बघितल्या बघितल्या टिनटिनचं चंद्रावर जाणारं रॉकेट आठवतं. आजूबाजूला रंगीत ठोकळ्यांसारख्या खोल्या आणि त्यांना जोडणारे हवेतले पूल. आतली मांडणी योस्त स्वार्ते ह्या चित्रकथाकाराची, हे कळल्यावर भावोजींची छाती फुगली कारण तो डच. टिनटिनच्या त्या स्वच्छ, सावली-बिवली नसलेल्या रेषेला जे नाव आज सगळे वापरतात, लिन्य क्लेअर, म्हणजे स्पष्ट रेषा, ते नावही ह्याच माणसाने १९७७ मध्ये पाडलं.

आता खरी गोष्ट. मूळ पानं. उजेड मुद्दाम मंद ठेवलाय, कागद खराब होऊ नये म्हणून, त्यामुळे काचेला नाक लावून बघावं लागतं. आणि मग दिसतं की ती जी स्वच्छ रेषा आपण वाचली ती अजिबात स्वच्छ नव्हती. पेन्सिलच्या पानावर एकाच धावणाऱ्या पायावर वीस-पंचवीस रेषा, खोडून परत, परत खोडून, कागद पार खरवडलेला, नांगरलेल्या शेतासारखा. त्यातली नेमकी एक रेषा उचलून नंतर शाईत घ्यायची. मी एका पानासमोर किती वेळ उभी होते मला आठवत नाही, ताई मागून येऊन म्हणाली अगं चल ना, तरी मी तिथेच. लहानपणी वाटायचं हे आपोआप येत असणार. चंद्राच्या पुस्तकांसाठी तर स्टुडिओत रॉकेटचं सुटं होणारं मॉडेल बनवून घेतलं होतं, कुठला माणूस कुठल्या मजल्यावर आणि शिडी कुठे हे चुकू नये म्हणून, आणि ती पुस्तकं आली १९५३-५४ ला, खरा माणूस उतरला १९६९ ला.

सुरुवात पण मस्त मांडलीये, जॉर्ज रेमी नावाचा स्काउट पोरगा, १९०७ चा जन्म, आद्याक्षरं उलटी केली जी.आर. ची आर.जी., फ्रेंचमध्ये ती म्हटली की एर्जे. १० जानेवारी १९२९ ला एका कॅथलिक पेपरच्या मुलांच्या पुरवणीत टिनटिन सुरू. पुरवणीचं नाव ल प्ती व्हँतिएम, आणि म्युझियमच्या रेस्टॉरंटलाही तेच नाव. बाकी जाहिराती, पोस्टरं, बाकीची पात्रं, हे सगळं छान आहे पण माझं निम्मं लक्ष त्या खरवडलेल्या पानांतच अडकलेलं, त्यामुळे त्याबद्दल फार काही सांगत नाही.

चिरंजीव सुरुवातीला कंटाळला. तो डोनाल्ड डकचं डच साप्ताहिक वाचतो आणि जपानी मांगा. पण कॅप्टन हॅडॉक दिसल्यावर रंगात आला. हा कॅप्टन १९४१ मध्ये आला, बेल्जियमवर जर्मन बसलेले असताना, आणि तोही अशा पेपरात जो जर्मनांच्या ताब्यात होता, त्यावरून लढाईनंतर एर्जेंना पकडलंही होतं. हे मी भाच्याला नाही सांगितलं. काँगोवालं पुस्तक मात्र त्याने आधीच शाळेच्या लायब्ररीत बघितलेलं आणि त्याने सरळ विचारलं, मावशी ह्यातली काळी माणसं अशी का काढलीयत? आता काय सांगणार. १९३० साली पेपरातल्या पाद्र्याने सांगितलं म्हणून एका तेवीस वर्षांच्या मुलाने न बघितलेला देश काढला, असं सांगितलं. पुढे एका काँगोच्या माणसाने ब्रसेल्सच्या कोर्टात केस केली, २०१२ मध्ये कोर्टाने फेटाळली. भाचा म्हणाला मग सॉरी कोण म्हणालं? मी म्हटलं, चल पुढे.

आणि इथून सुरू होते ती बाई, जिचं नाव भिंतीवर मोठ्या अक्षरात नाही पण जिच्यामुळे ही भिंत आहे. फानी व्लामिंक. १९५६ मध्ये स्टुडिओत रंग भरायला लागली, पोरगीच होती. एर्जेंचं लग्न झालेलं होतं, ते मोडायला आणि फानीशी नवीन व्हायला १९७७ उजाडलं. मूलबाळ नाही. ३ मार्च १९८३ ला एर्जे गेले आणि सगळं तिच्याकडे आलं, म्हणजे टिनटिन, कॅप्टन, कुत्रा, सगळं. त्यांनी एकच गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली होती की माझ्यानंतर टिनटिन कुणी काढायचा नाही. टिनटिन म्हणजे मीच, असं ते म्हणायचे.

विचार करा ना, त्या वेळी स्टुडिओत बॉब द मूर होता, तीसेक वर्षं एर्जेंच्या शेजारी बसून मागचे डोंगर, बोटी, गाड्या काढलेला माणूस, हात इतका बसलेला की कोणती रेषा कुणाची हे सांगता येत नव्हतं. चोविसावं पुस्तक अर्धवट होतं. त्याला ते पूर्ण करायचं होतं, प्रकाशकालाही हवंच असणार, जगभरातली पोरं वाट बघतायत, पैशांचा पाऊस समोर. आणि ती नाही म्हणाली. १९८६ मध्ये ते पुस्तक आहे तसं छापलं, कच्च्या रेघोट्यांसकट, आणि स्टुडिओ बंद.

ते शेवटचं पुस्तक ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मला हे म्युझियममध्ये फिरताना सारखं आठवत होतं. शेवटच्या पानावर व्हिलन टिनटिनला सांगतो की तुझ्यावर मी पॉलिएस्टर ओतणार, तुझा पुतळा करणार, मोठ्या कलाकाराचं नाव लावणार आणि म्युझियमला नाहीतर कुणा श्रीमंताला विकून टाकणार. मग शिपाई टिनटिनला घेऊन निघतात आणि तिथे एर्जेंचा हात थांबला. झालं. तो पोरगा १९८३ पासून तसाच चालतोय, पुतळा व्हायला. आता ह्या पांढऱ्या बिल्डिंगमध्ये उभं राहून हे आठवलं तर हसावं का रडावं.

तरी मी फानीबाईंच्या बाजूने आहे, ह्या एका बाबतीत शंभर टक्के. कारण दुसरा रस्ता आपण बघितलाय ना. ॲस्टेरिक्स ह्या फ्रेंच चित्रकथेचं काय झालं, लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेले, मग चित्रकार उदेर्झोंनी एकट्याने लिहिलं आणि काढलं, तिथपर्यंत ठीक, मग २००८ मध्ये त्यांनी आपला हिस्सा मोठ्या कंपनीला विकला, तेव्हा त्यांच्याच लेकीने जाहीर विरोध केला, बापलेकीचं भांडण पार पेपरात. २०१३ पासून नवीन लोक काढतायत, दर दोन वर्षांनी एक. वाईट नसतात. मी वाचते पण, एकदा, मग परत उघडत नाही. गास्तों ह्या दुसऱ्या बेल्जियन चित्रकथेचं पण तेच, तिचे चित्रकार फ्रँकँ १९९७ मध्ये गेले, मुलगी म्हणत होती बाबांना हे नको होतं, लवादापर्यंत गेलं, आणि २०२३ मध्ये नवीन गास्तों दुकानात आलाच. म्हणजे वारस नाही म्हणतो तेव्हा सुद्धा ते टिकतंच असं नाही. फानीबाईंचं टिकलं. चाळीस वर्षांवर झाली, एकही नवीन टिनटिन नाही. आमच्या घरात मोठ्या काकांनी आजोबांची हार्मोनियम कुणाला हात लावू दिली नाही म्हणून सगळे त्यांना खडूस म्हणायचे, पण ती अजून सुरात आहे.

आणि चीनची गोष्ट तर मला फारच आवडते. २००१ मध्ये तिबेटवाल्या पुस्तकाची चिनी आवृत्ती आली तर त्यांनी नावच बदललं, टिनटिन चीनच्या तिबेटमध्ये. फानीबाईंचं एर्जे फाउंडेशन अडून बसलं, एवढी मोठी बाजारपेठ समोर असताना, आणि नाव मागे घ्यायला लावलं. २००६ मध्ये दलाई लामांच्या हस्ते फाउंडेशनला पुरस्कार मिळाला. पैशासाठीच बसलेला वारस असता तर म्हणाला असता, ठेवा हो काय नाव ठेवायचं ते.

मग एक स्टार का कापला? सांगते. जेवताना भावोजींनी विषय काढला. हे गृहस्थ एरवी बोलत नाहीत, पण डच कोर्टाचं काही असलं की खुलतात.

तर झालं असं की फानीबाईंनी १९९३ मध्ये दुसरं लग्न केलं, निक रॉडवेल नावाच्या इंग्रजाशी. ह्याने १९८४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये टिनटिनचं दुकान काढलेलं, धंद्याचा माणूस. धंदा बघायला कंपनी होती मूलँसार, कॅप्टनच्या वाड्याचं फ्रेंच नाव, अलीकडे तिचं नाव बदलून टिनटिनइमॅजिनासिओ केलंय जे उच्चारताना माझी जीभ अडकते. रॉडवेलने आल्या आल्या फालतू वस्तूंवरचे टिनटिन काढून टाकले, साबण-बिबण बंद, मोजक्या महागड्या गोष्टी, हे सुद्धा ठीक. पण मग कोर्टबाजी सुरू. बॉब गार्सिया म्हणून एक लेखक, त्याने टिनटिनवर छोट्या छोट्या पुस्तिका काढल्या, काही चित्रं वापरली, २००९ मध्ये फ्रान्सच्या कोर्टाने त्याला चाळीस-पन्नास हजार युरोच्या घरात भरायला लावलं. एवढ्याशा पुस्तिकांसाठी! म्युझियम उघडलं त्या वेळी जगभरातून पत्रकार बोलावले आणि आत फोटो काढायचे नाहीत म्हणून सांगितलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला. म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि जेवायचं नाही म्हणायचं.

आणि भावोजींची आवडती केस. नेदरलँड्समध्ये एक फॅन क्लब आहे, एर्जे खेनोटस्खाप, हौशी लोक, आपल्या सभासदांसाठी मासिक काढतात, त्यात लेखासोबत एखाद-दुसरी चौकट छापतात. कंपनीने त्यांच्याकडे पैसे मागितले. क्लब भांडला. आणि भांडता भांडता कुणीतरी एक जुना कागद आणून दिला, १९४२ चा, एर्जे आणि प्रकाशक कास्टरमन ह्यांच्यातला, त्यात असं निघालं की पुस्तकांचे प्रकाशनाचे हक्क एर्जेंनी तेव्हाच कास्टरमनला देऊन टाकलेले. २०१५ मध्ये हेगच्या कोर्टाने सांगितलं की मग ह्या चौकटी छापायला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारी ही कंपनी कोण? भावोजी हे सांगताना काटा-चमचा टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी सांगत होते. ताई म्हणाली ह्यांना आमच्या लग्नाची तारीख आठवत नाही, १९४२ चा कागद आठवतो.

मला त्यात गंमत ही वाटते की ज्या लोकांनी ते मासिक काढलं ते टिनटिनचे शत्रू नव्हते. तेच तर त्याला जिवंत ठेवणारे. नवीन पुस्तक यायचं नाही म्हटल्यावर जुन्याबद्दल बोलणारे लोकच उरतात, आणि नेमके त्यांनाच नोटिसा? एकीकडे दार बंद केलं ते बरोबर केलं, पण खिडकीत बसलेल्या चिमण्यांना कशाला हाकलायचं.

पैशांचंही बघा. ब्लू लोटस ह्या टिनटिनच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी एर्जेंनी १९३६ मध्ये एक रंगीत चित्र केलं, ते छापायला महाग पडेल म्हणून नापास झालं, आणि गोष्ट अशी सांगतात की त्यांनी ते प्रकाशकाच्या लहान मुलाला दिलं, त्याने घडी घालून खणात ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला लिलावात त्याला ३२ लाख युरोच्या आसपास किंमत आली. घड्या तशाच दिसतात त्यावर. वारसांकडून लगेच शंका आली की ते खरंच भेट दिलं होतं का. मला तर त्या खणाचं कौतुक वाटतं. आमच्याकडे खणात विजेची बिलं निघतात.

दुकान बाहेर पडताना लागतंच, चुकवता येत नाही. माल सुंदर, खरंच, रंग अगदी पुस्तकातले, चौकडीचं रॉकेट हातात घेतलं की खाली ठेववत नाही. पण किंमत बघितली की ठेवावंच लागतं. छोटी रॉकेटं परवडतील कदाचित, मोठ्याला शेकड्यांनी युरो, पुतळ्यांचं तर विचारूच नका. मी भाच्याला म्हटलं तुला काय हवं ते एक घे, आणि मग मनातल्या मनात नव्वदने गुणून पोस्टकार्डाकडे ढकललं. कायद्याचा माल महाग म्हणून आपण काय करतो तेही सांगते, उगाच साळसूदपणा नको, काही वर्षांपूर्वी नाशिकला रस्त्यावरून मी दीडशे रुपयांचा टिनटिनचा टी-शर्ट घेतला होता, पहिल्या धुण्यात कॅप्टनची दाढी गुलाबी झाली आणि माझी पांढरी ओढणी पण. तेव्हा कंपनीच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं.

परतताना हिशोब केला, हे सगळं कॉपीराइटमधून कधी मोकळं होणार. युरोपात लेखक गेल्यानंतर ७० वर्षं, म्हणजे २०५३ संपेपर्यंत, १ जानेवारी २०५४ ला सुटणार. भाचा तेव्हा चाळिशीकडे, मी असेन-नसेन. आपल्याकडे ६० वर्षं, म्हणजे भारतात २०४४ लाच. आधी आपल्याकडे ५० होती, रवींद्रनाथांचे हक्क संपायला आले तेव्हा, १९९२ मध्ये, ती ६० केली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेत तर १९२९ चा सुरुवातीचा टिनटिन १ जानेवारी २०२५ ला मोकळा झाला पण, तेव्हा फक्त तेवढाच, आणि नावाचा ट्रेडमार्क वेगळाच. मध्ये एक बातमी आलेली, २०१३ च्या सुमारास, की हक्क संपायच्या आधी २०५२ मध्ये एक नवीन टिनटिन काढायचा विचार आहे. म्हणजे बघा, जवळजवळ सत्तर वर्षं नाही नाही म्हणायचं आणि मुदत संपत आली की आपणच काढायचा! नवीन पुस्तक काढल्याने जुन्या चोवीस पुस्तकांची मुदत काही वाढत नाही, पण विचार मनात आला ह्यातच मला कळलं की धास्ती कसली आहे. मला ती बातमी वाचून पहिल्यांदा फानीबाई आणि रॉडवेल ह्या दोघांची थोडी दया आली होती.

ताई म्हणाली एवढं काय त्यात, आपल्याकडे कोण करतं एवढं? बरोबर आहे एका अर्थी. बालेवाडीत आर. के. लक्ष्मण यांचं कलादालन-म्युझियम २०२२ मध्ये सुरू झालं, मालगुडीचं छोटं गाव पण केलंय म्हणे त्यात, पुण्याला माझ्या शंभर चकरा झाल्या आणि मी अजून तिथे गेले नाहीये, बेल्जियमला मात्र गेले. आमच्या पिढीला कॉमन मॅन सकाळच्या पेपरात फुकट मिळायचा, त्यामुळे असेल.

तर पाचपैकी चार. त्या खरवडलेल्या पानांसाठी तीन, बिल्डिंगसाठी अर्धा, फानीबाईंच्या एका नकारासाठी अर्धा. कापलेला एक स्टार नोटिसांचा.

आता कामाचं. सोमवारी बंद असतं, आमचे शेजारी सोमवारी जाऊन आले आणि पूल बघून परतले. ब्रसेल्सहून ट्रेन आहे, स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, गाडी असेल तर गावाखालचं पार्किंग, मजला आणि रंग लिहून ठेवा, आम्ही अर्धा तास गाडी शोधली. दोन ते तीन तास पुरे, माझ्यासारखे काचेला नाक लावणारे असाल तर चार. ऑडिओ गाइड घ्या. लहान मुलांना आधी एखादं तरी पुस्तक वाचायला द्या, नाहीतर पहिला तास कुरकूर. ब्रसेल्समध्ये वेळ असेल तर स्टॉकेल मेट्रो स्टेशन बघाच, प्लॅटफॉर्मच्या भिंतीभर टिनटिनची शंभरावर पात्रं आहेत, एर्जेंनी जाण्यापूर्वी कच्ची आखून दिलेली, आणि ते बघायला मेट्रोचं तिकीट सोडून काही लागत नाही. भाच्याला म्युझियमपेक्षा तेच जास्त आवडलं. तीन गाड्या सोडल्या त्याने, कॅप्टन कुठेय ते सापडेपर्यंत.